उलटा तीन

घोरपडीचं फाटक पडलेलं.
शनिवारचे साडेपाच.
मालगाडी निघालीय आपल्या सवडीने,
मी डबे मोजते, एकेचाळीसला सोडून देते.
पलीकडे आमचं देऊळ.
(जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत.)
पर्समध्ये पाळकसाहेबांची चिठ्ठी:
उद्याची तीन गीतं.

घरी एलियाजवळ शेजारची नूरजहाँ बसलीय.
"जा दुर्कसबाई, मी आहे ना."
हेच वाक्य दुसऱ्या कुणाकडून ऐकायला
तीन वर्षं कान लावून आहे मी.

तेल लावून झालं, उपास झाले.
चिंचवडहून आले, नगरहून आले,
डोक्यावर हात ठेवून गेले.
एक म्हणाले, "बाई, विश्वास कमी पडतोय तुमचा."
मी त्यांना चहा दिला. दोन चमचे साखर.
मोहरीएवढा पुरतो म्हणे.
रोज फोडणीत तडतडते की माझ्या मोहरी,
डोंगर जागचा हलत नाही.
एलियाला मात्र हलवावं लागतं,
दर दोन तासांनी, या कुशीवरून त्या कुशीवर,
नाहीतर कातडी सोलते.
रात्री दोनला त्याची पाठ माझ्याकडे.
चारला तोंड.
तेव्हा मी प्रार्थना करत नाही.
पुढचा अलार्म लावते.

देवळात शनिवारी कुणी नसतं.
स्टुलाचा एक पाय आखूड,
त्याखाली कुठल्याशा वार्षिक अहवालाची घडी.
गीतांच्या फळ्यावरचे आकडे पत्र्याचे,
सासऱ्यांनी कापलेले,
दोन्ही बाजूंनी पांढरा ऑइलपेंट.
सहा कधीचाच हरवलाय.
मग तीन घ्यायचा, उलटा लावायचा.
लांबून कळत नाही.

पहिलं गीत: छत्तीस.
तीन, आणि त्याला पाठ करून बसलेला
दुसरा तीन.
"बरोबर आहे," मी छताकडे बघून म्हटलं,
"आपलं सध्या हेच चाललंय."
कितीतरी दिवसांत त्याच्याशी बोललेलं
हे पहिलं सरळ वाक्य.
पंख्यावर पारवा होता. त्याने जागा बदलली.

मग काय झालं, ते मला खरंच आठवत नाही.
हात दुखत होते. उजेड कमी होता.
रविवारी पाळक म्हणाले, गीत छत्तीस,
शद्रखने पेटीवर सूर धरला,
आणि अर्धी मंडळी फळ्याकडे बघून
भलतंच गाऊ लागली.
फळ्यावर त्रेसष्ट.
पोरं फिदीफिदी हसली.
माझी मान खाली.
एकेक करत सगळे थांबले,
थांबल्या नाहीत त्या उबाळेआजी,
वय शहाऐंशी, दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या.
पुस्तक न उघडता, डोळे मिटून,
सुराच्या बाहेर, खड्या आवाजात,
त्या त्रेसष्टच म्हणत राहिल्या.
शद्रखने हळूच भाता सोडून दिला.
पाळक उभेच.
कुणी आजींना हात लावला नाही.

तिसऱ्या कडव्याला त्या अडखळल्या.
ओठ हलले, शब्द येईना.
मी शेजारीच होते.
मी काही गात नव्हते, तसं नाही म्हणता येणार.
त्यांच्या हातावर बोटाने ताल धरला
आणि तोंड दिसेल असं वळून
पुढचा शब्द दाखवला.
मग त्याच्या पुढचा.
माझ्यापाशी तो होता, याचंच नवल वाटलं.
एलियाचं आवडतं गीत ते,
खर्जात म्हणायचा.
आजींनी आमेन केलं आणि खाली बसल्या,
जणू काही झालंच नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "दुर्कसबाई, एकदा चष्म्याचं बघा."
म्हटलं, बघते.

रात्री दोनला एलियाला वळवलं.
आज जरा जड लागला.
अर्ध्या तोंडाने त्याने विचारलं,
दर रविवारी विचारतो तसं,
"कुठ... लं?"
"छत्तीस," मी म्हटलं.
मग उशी सारखी करता करता,
"नाही. त्रेसष्ट."
त्याच्या घशात काहीतरी हललं, खर्जासारखं.
किंवा कफ असेल.
तोंड माझ्याकडे होतं.

चारचा अलार्म लावला.
शनिवारी नवा सहा कापून आणावा म्हणते
रविवार पेठेतून कुठूनतरी.
नाहीतर राहू दे.
तीन आहे अजून.