टॉकग्रुप ४११७

दिवसा मी भोपळ्याला कान लावतो.
मिरजेच्या आमच्या गल्लीत कान हेच हत्यार.
घोडीवर कानस केसभर फिरवायची, तारेखाली सूत सारायचं,
छेडायचं, थांबायचं.
जास्त घासलं की आवाज मरतो,
कमी घासलं की लाकडातच बसून राहतो.

रात्री गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, स्कॅनर.
अँटेना तंबोऱ्याच्या उरलेल्या पोलादी तारेची.

पूर्वी सोपं होतं.
टँकर इथं, कारखान्याचा काटा तिथं,
ज्याची त्याची जागा वर्षानुवर्षं एकच,
पारावरच्या म्हाताऱ्यांसारखी.
मग एका दिवाळीनंतर सगळे गप्प.
स्कॅनर रात्रभर फिरायचा आणि हात हलवत परत यायचा.
मला वाटलं, माझेच कान गेले.

कलगुटगीसाहेब रेल्वेच्या दूरसंचारमधून निवृत्त,
सतारीची खुंटी बसवायला आलेले.
म्हणाले, "लग्नाची पंगत बघितलीस?
आधी मानकऱ्यांचे पाट ठरलेले असायचे.
आता पाट पाच, जेवणारे पाचशे.
दारात एकजण उभा. तू इकडं बस, तू तिकडं.
उठलास की पाट दुसऱ्याचा.
त्या दारातल्याला शोध.
तो स्वतः कधी जेवत नाही."

सापडला. रात्री दीडला.
एकसारखी करकर, श्वास न घेता,
जवारी बिघडलेल्या खर्जासारखी.
बिघडलेली नव्हती. तो त्याचा धंदाच होता.
लॅपटॉपनं करकरीचे आकडे केले
आणि आकड्यांच्या मागं माणसं पळायला लागली,
अर्धं वाक्य या पाटावर, उत्तर त्या पाटावर.

शमीमच्या जुन्या हिशेबाच्या वहीत मी रकाने आखले.
४१०१ टँकर. "कुपवाडचा व्हॉल्व्ह सोडला का?"
४१०४ काटा, तिथं एकजण सारखा खोकतो.
४१०९ झाड पडल्याशिवाय जागा होत नाही.
४११२ ला कुलूप आहे,
नुसती कुजबूज, तोंडावर उशी दाबल्यासारखी.
मी त्या कुलपाला हात लावत नाही.
दार बंद दिसलं की पायरीवरून परतायचं,
एवढं अब्बांनी शिकवलंय.

आणि ४११७.
तो बोलतच नव्हता.
रोज तीनला पाच कमी असताना
बटण दोनदा दाबायचा. टक. टक.
मध्ये थोडा वारा, मागं पाणी.
त्या गाळणीतून पाणी पाण्यासारखं येत नाही,
कुणी सुपारी चघळतंय असं येतं.
पाणी आहे हे कळायलाच मला महिना लागला.

"कोण आहे ती," शमीम म्हणाली,
"जिच्यासाठी तीनला उठतोस?"
मी इअरफोन तिच्या कानात घातला.
ती दोन्ही टक ऐकून म्हणाली,
"बाई नाही. आणि हा माणूस उभा आहे."
कशावरून, ते सांगितलं नाही. झोपली.

श्रावणात एका रात्री तीनदा आलं.
टक. टक. टक.
कंट्रोलची बाई लगेच, झोपेचा मागमूस नसलेल्या आवाजात:
"बंधारा, बोला."
बंधारा!
सहा महिने कोरा ठेवलेला रकाना
तिनं एका शब्दात भरला.
"पायरी बुडाली," तो म्हणाला. म्हाताऱ्याचा आवाज, कानडी हेल.
"कितवी?"
"मी उभारतो ती."

खाली गेलो, भोपळे माळ्यावर चढवले, एकूण चाळीस.
शेजारच्या दारावर हात नेला, मागं घेतला.
ऐकलंस कुठं, विचारलं तर काय सांगू?
मग वाजवलंच दार.
म्हटलं, झोप येईना, नदीवर जाऊन आलो.

दुसऱ्या रात्री आम्ही दोघं गच्चीवर.
तीनला पाच कमी. चार. तीन.
दारातला माणूस करकरत होता,
सगळ्यांना पाट देत होता.
तीनला एक कमी असताना टक. टक.

सुपारी जरा जवळून चघळली जात होती.
"वरच्या पायरीवर गेला," शमीम म्हणाली,
आणि इअरफोन परत दिला नाही.