खडखड्या

ताट बाहेरून धड.
बुडाशी धरून हलवलं की आतून वाजतं,
म्हणून नावच पडलं: खडखड्या.
मंगळवेढ्याहून तुकाप्पा बंडगर पोत्यात गुंडाळून आणतो
अशी पाच ताटं, आणि विचारतो,
"दात कुठंयत त्याचे?"

दात नसतात, मामा.
बुरशी बाहेरच जेवते.
आधी लाळ सोडते, मग भिंत विरघळायची वाट बघते.
पेक्टिन सुटतं, विटांमधल्या चुन्यासारखं,
मग सेल्युलोज, धागा धागा.
पेर चिरलं तर आत
सुटे तंतू आणि कोळशाची पूड.

सुटे तंतू मी ओळखते.
अक्कलकोट रोडच्या प्रोसेस हाऊसात माझे वडील
याच जातीचं एन्झाइम मापानं हौदात ओततात:
पंचावन्न अंश, पाऊण तास.
टॉवेलवरची जादा लव खाऊन झाली
की पाणी कडक तापवायचं,
नाहीतर ते सूतही खाईल.
"त्याला पुरे कळत नाही," म्हणतात नान्ना.

उभ्या ज्वारीला उकळता येत नाही.
मी बियाण्याला चोळायला ट्रायकोडर्मा देते.
तीही बुरशीच. तिलाही लाळ,
फक्त तिला दुसऱ्या बुरशीची भिंत आवडते.
"म्हंजे चोरावर मोर," तुकाप्पा हसतो.
आणि फुलोऱ्यात ओल तुटू देऊ नका, मामा,
तहानलेल्या ताटाला कडी नसते.

तो गेल्यावर बेसिनशी हात धुते.
खुंटीवरचा टॉवेल मऊ.
कुणीतरी वेळेवर थांबवलंय.