अर्धा दगड

बिर्थीचा धबधबा, फोटो.
कालामुनीची घंटांनी लगडलेली कमान, फोटो.
"और इधर से पंचचुली," म्हणत लछम सिंगने गाडी थांबवली
आणि हात केला त्या दिशेला
नुसता पिंजलेला कापूस होता.
"आहे तिथेच, सर. जात नाही कुठं."

मुनस्यारीत तीन दिवस तेच.
पाचही शिखरं ढगाआड,
साहेब जेवायला गेल्यासारखी.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी,
लोकांना बाकावर बसवून ठेवलं.
बाकावर स्वतः बसायची ही पहिलीच वेळ.

लछमने मग यादीच उरकली.
नंदादेवीचं देऊळ, गवतावर लोळणारी शाळकरी पोरं.
माहेश्वरी कुंड: पाणी थोडं, गोष्ट मोठी.
यक्ष, शाप, दुष्काळ इथवर आला
तेवढ्यात हल्द्वानीहून फोन,
क्लचप्लेट अजून निघालेलीच नाही.
यक्षाचं पुढे काय झालं
ते राहूनच गेलं.

खोली घेतली होती रुकमा मर्तोलियाकडे.
वय विचारलं तर म्हणते,
रस्ता बंद झाला तेव्हा लग्नाची होते.
दिवसभर मागावर, पाठ सरळ.
चहात मीठ आणि लोणी.
मी एक घोट घेऊन कप खिडकीत ठेवला.
तिने पाहिलं, बोलली काही नाही,
दुसऱ्या दिवशी साखरेचा आला.

टीव्हीच्या डब्यावर एक दगड होता.
मुठीएवढा, काळा,
एक बाजू नदीने घोटलेली,
दुसरी फुटकी.

"बाबाचा," ती म्हणाली.
"खिंडीपलीकडे एक माणूस होता.
मीठ, लोकर त्याची. गूळ, जव, कापड आमचं.
पहिल्या भेटीत दोघांनी मिळून दगड फोडला.
अर्धा त्याला, अर्धा याला.
म्हातारे मेले तरी पोरांनी आपापला तुकडा न्यायचा,
जुळला की माल सोडायचा.
लिहिणं नाही, अंगठा नाही."

"मग?"

"मग रस्ता बंद."
फणी धाग्यांवर ठोकली तिने, दोनदा.
"त्या साली अठरा थैल्या जव द्यायचे होते आमच्याकडून.
मेंढ्यांवर लादून झाले होते."

मी दगड हातात घेतला.
जन्मभर दगडच पुरले मी,
हद्दीचे.
भाऊ भावाकडे पाठ करून उभा,
मधे साखळी, पंच, दोन्हीकडच्या सह्या,
आणि मी घामाघूम, कुणाच्या तरी झाडाखाली
कुणाचं झाड हे ठरेपर्यंत.
एकाच दगडाचे दोन करून
दोघांनी घरी नेले,
ही खूण नकाशात कशी दाखवतात
मला कुणी शिकवलं नव्हतं.

फुटक्या बाजूवरून अंगठा फिरवला.
एक खळगा, एक कंगोरा, अभ्रकाची तिरकी रेघ.
म्हणजे याचं उलटं कुठंतरी आहे,
इथे खळगा तिथे उंचवटा.
कुणाच्या फडताळात,
किंवा गोठ्याच्या भिंतीत चिणलेलं,
किंवा नदीत,
पुन्हा गोल होत चाललेलं.

चौथ्या पहाटे लछमने दार बडवलं.
"सर! खुल गया!"
अनवाणीच धावलो.
पाचही होती. इतकी जवळ
की आधी मागेच सरलो,
आणि मग काही वेळ माझ्याकडे
कसलंही माप नव्हतं.

रुकमा अंगणात राजमा निवडत होती, पाठ तिकडे करून.
"बघितलंत?" मी विचारलं, मूर्खासारखं.
"इकडून असं दिसतं," ती सुपातच बघत म्हणाली.
"दारमाकडचे म्हणतात,
त्यांच्या बाजूने वेगळंच आहे."

फोटो काढायचा राहिला.
क्लचप्लेट बाराला आली.
निघताना अर्धा किलो राजमा मागितला,
तर तिने वजनाला पारड्यात दगड टाकला.
तो नव्हे.
दुसरा, अख्खा.