सात फूट, मध्यम

मुश्ताकभाईनं आधी विचारलं, मासा कुठला?
मला काय माहीत.
मी नेरुळहून ठाण्याच्या बाजारात आलो होतो
एप्रिलच्या अकराच्या उन्हात,
बत्तीस वर्षं लेथवर उभा राहून
रिकामे झालेले दोन हात घेऊन.

भिंतीवरच्या लांबलचक देखण्या काठ्यांकडे
त्यानं मला बघूसुद्धा दिलं नाही.
त्या दर्यावरच्या. त्या फोटो काढणाऱ्यांच्या.
तुम्ही ही घ्या : सात फूट, मध्यम, दोन तुकड्यांत,
बसमध्ये कुणाच्या डोळ्यात जायची नाही.
रीळ साधं. दोरा बारा पौंडी.
गळ लहानच. लहान गळाला मोठाही लागतो,
मोठ्या गळाला छोटा नुसता हसून जातो.
शिसाचे चार मणी. आणि ही पक्कड,
ती विसरू नका,
धरणं सोपं असतं, सोडवताना घाम फुटतो.

मग रीळाचा चाप फिरवून दाखवला.
हा जरा सैल ठेवायचा.
दोरा तुटायच्या आधी सुटला पाहिजे.

बत्तीस वर्षं मी चक आवळत आलो.
सैल म्हणजे नेमकं किती,
हे विचारायला मी दुकानाच्या पायरीवरून परत फिरलो.
तो म्हणाला, हाताला कळेल.

तीन हजार दोनशे चाळीस.
सुलूनं पावती फ्रिजवर लावली
आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं :
द्वारकाबाईकडे बोयचा वाटा, दोनशे.
म्हणजे सोळा वाटे आणले, वर चाळीस रुपये दिले,
की मी फिटलो.

आठवडाभर पंख्याखाली गाठ.
दोरा भोकातून, पाच वेढे,
टोक परत पहिल्या फटीत,
आवळण्याआधी थुंकी, नाहीतर दोरा भाजतो.
मी शतांश मिलिमीटर मोजलेला माणूस,
मला ते टोकच दिसेना.
'द्या इकडे,' सुलू म्हणाली.
चष्मासुद्धा लावला नाही.
सबंध सेक्टरच्या ब्लाउजांना हुक लावले होते तिनं.
'हे तर हुकच की.'

सारसोळ्याच्या जेट्टीवर मी पोचलो तेव्हा
खाडी कुठेतरी निघून गेली होती.
चिखल, खारफुटी, निवट्यांच्या उड्या,
डब्यातल्या कोळंबीला येऊ लागलेला वास.
होडीच्या सावलीत आडवा पडलेला प्रणित तांडेल
टोपी न उचलता म्हणाला,
'काका, सुकतीला काय गावनार? पानी भरू दे.'

पाणी भरलं.
माझा पहिला गळ खारफुटीला लागला.
दुसरा माझ्या कॉलरला.
तिसरा पाण्यात पडला खरा,
पण काठीचं वरचं तुकडंही त्याच्यामागून गेलं,
ते प्रणितनं पोहून आणलं
आणि दोन्ही वेळा हसला नाही, जाताना आणि येताना.

साडेपाचला सुलू ताक घेऊन आली.
जरा धर, म्हणून काठी दिली,
मी अजून तांब्याला तोंडही लावलं नव्हतं
आणि कर्रर्र...
काठी वाकली, रीळ उलटं धावायला लागलं.
'आवळ!' मी ओरडलो. 'चाप आवळ!'

तिनं नाही आवळला.
जाऊ दिला,
थोडा ओढला, पुन्हा जाऊ दिला,
मशीनवर कापड सरकवावं तशी
नजर सुईपाशी, हात भलतीकडे.

शिंगाळा. वीतभर.
'काट्याला हात नको मावशे!' प्रणित धावला.
पक्कड माझ्याच खिशात होती.
तोंडातला गळ सोडवताना
मला खरोखरच घाम फुटला.
'मिश्या बघा याच्या,' ती म्हणाली,
'साहेब वाटतोय तुमच्या कारखान्यातला.'
आणि पायरीवर बसून
त्याला पाण्यात ठेवला, टाकला नाही, ठेवला.

पावतीखालचे सोळा वाटे सोळाच राहिले.

ताक कोमट झालं होतं. पुलापलीकडे ऊन उतरत होतं.
पदराला हात पुसत, नाकाशी नेत,
तिनं प्रणितला विचारलं,
'उद्या भरती किती वाजता रे?'
'आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा.'

'मग डाळ भिजत घालून येता येईल,'
ती म्हणाली,
आणि काठी दोन तुकड्यांत करायला लागली.