घसरवणं

घसरणं वेगळं, घसरवणं वेगळं.
नेस्तान हे सांगत होती तेव्हा
मी तिच्या गाडीखाली उताणा पडलो होतो,
डोळ्यांवर काळी काच, हातात वेल्डिंगचा चिमटा.
डिफरन्शियल जाम करायचा होता,
म्हणजे मागची दोन्ही चाकं वळणावरसुद्धा
एकाच हट्टानं फिरतील.
एकतीस वर्षं रुस्तावीच्या पोलादात
मी जे जोडलं ते सुटू नये म्हणून.
हे पहिलंच जोडकाम
सुटावं म्हणून केलेलं.

गाडी जुनी, जर्मन, पोरीहून दोन वर्षांनी मोठी,
एक दार लाल, बाकी अंग राखाडी.
टायर बाजारामागच्या गोचाकडचे, लोकांनी टाकलेले.
लामारा हिशेब मांडते :
एका संध्याकाळी चार टायर, म्हणजे महिन्याचा गॅस.
पोरगी पैशाचा धूर करते, म्हणते,
आणि त्यात अलंकार वगैरे काही नाही.

रविवारी तिनं मला शेजारी बसवलं.
पट्टा चार ठिकाणी आवळला,
आमच्याकडे तान्ह्या पोराला पाळण्यात बांधतात तसा.
बंद पडलेल्या आमच्या भट्टीमागचं पटांगण,
उजवीकडे काँक्रीटची भिंत,
कडेला कालचं बर्फ, मळलेलं.

आधी उलट, ती म्हणाली.
डावीकडे जायचंय ना, मग जरा उजवीकडे झुकवायची,
वजन त्या खांद्यावर जाऊ द्यायचं,
आणि सोडायचं, झोका सोडतात तसं.
क्लच दाबून झटक्यात सोडायचा, चाकाला दचकवायचं.
नाहीच ऐकलं तर हँडब्रेक,
पण नुसता चिमटा. गळा धरायचा नाही.

आणि शेपूट निघाली.

हात? मी ओरडलो.
हात उलटे! गाडी डावीकडे, स्टिअरिंग उजवीकडे.
तळव्यांतून पळू दे त्याला,
पळून दमलं की धर.
पाय?
पायाला ब्रेकची भूक लागते, मामा,
त्याला उपाशी ठेवायचं.
(आमच्यात बापालाच मामा म्हणतात.)
भिऊन ॲक्सिलरेटर सोडलास तर टायर जमीन धरतात,
आणि मग ती पकडच उचलून आपटते.

भिंत माझ्या खिडकीत आली.
तिच्यावरचा गंज दिसला, पोरांनी खडूनं आखलेला गोल दिसला,
त्यातली चेंडूची ओली खूण दिसली.
भिंतीकडे नको बघू!
जिकडे डोळे, तिकडे गाडी.
काचेच्या पुढच्या कडेला बघ, जिथं जायचंय तिथं.

भट्टी विझली त्या वर्षी
मी दीड वर्ष स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत बसलो होतो.
ती तेव्हा सहा वर्षांची.
तिला आठवत असेल का, विचारलं नाही.
मान वळवली.
मान वळवायला जेवढा जोर लागला
तेवढा मी कधी घणाला लावला नव्हता.

काचेच्या कडेला गेट होतं.
गेटात लामारा, काखेत कापडात गुंडाळलेली भाकर.
आम्ही तिच्याकडे
आडवे आडवे चाललो होतो,
खेकड्यासारखे, किंवा दारू पिऊन लग्नातून घरी निघालेल्या
दोन सभ्य माणसांसारखे.

थांबलो तेव्हा धूर पुढे निघून गेला.
चिमणी बंद झाल्यापासून
या पटांगणानं एवढा धूर पाहिला नव्हता.
मी गाडीखाली शिरलो. जोडाला केसाएवढी चीर.
पुन्हा घासावं लागणार, पुन्हा भरावं लागणार.

लामारा धूर ओसरेपर्यंत उभी होती.
आमच्या लिपीत कोपरे नसतात, सगळी अक्षरं वळणांची.
फरशीवरच्या काळ्या रेघांकडे बोट करून म्हणाली,
हे तर माझ्या नावाचं पहिलं अक्षर. अर्धवट आहे.
नेस्तान म्हणाली, पुरं करायला आणखी दोन टायर लागतील.

लामारानं भाकर मोडली.
गोचाला सांग, म्हणाली,
जोडीमागे पाच लारी कमी कर म्हणावं.