शुद्धिपत्र

बाझेलला, ऱ्हाइनच्या काठी, आमचा छापखाना.
खाली दोन यंत्रं, वर आम्ही,
आणि जिनाभर जवसाच्या उकळत्या तेलाचा वास,
जो पुढं माझ्या लग्नाच्या कपड्यांतूनही गेला नाही.

माझं काम वाचायचं.
लेखकाची हस्तलिखित प्रत मी मोठ्यानं वाचायची,
समोर मास्तर मेल्खिओर
ओल्या फर्म्यावर बोट ठेवून ऐकायचे.
लॅटिन मला येत नव्हतं.
येत नव्हतं म्हणूनच तर बसवलं होतं:
"ज्याला कळतं तो चुका सुधारून वाचतो, ओटिलिए.
तू आपली दिसेल ते बोल."
बारा वर्षांची मी,
पाप, कृपा, पोप, परमेश्वर
एकाच सुरात, वाटाणे मोजावेत तसे.

त्या हिवाळ्यात रापारिउसचं पुस्तक आलं.
सहाशे पानं. मोठा विद्वान, मास्तर म्हणाले,
ग्रीक येतं, हिब्रू येतं.
काय म्हणतो, मी विचारलं.
म्हणतो, देवाचा शब्द
मेंढ्या राखणाऱ्याला, सूत कातणारीला
त्यांच्या त्यांच्या बोलीत मिळावा.
हे लॅटिनमध्ये म्हणतो?
मी हसले. मास्तर हसले नाहीत.

फेब्रुवारीत एक बाई आली.
टोपलीत सलगम, बुटांना डोंगरापलीकडचा चिखल.
"आमच्या वेंडेलचं पुस्तक इथं होतंय म्हणे.
वेंडेल रूबसाम."
रूबसाम म्हणजे सलगमाचं बी.
बाप तेच विकायचा, आजाही.
मी वही पाहिली. या नावाचं कुणी नव्हतं.
वरून, जिन्यातून, मास्तरांचा आवाज आला:
"लॅटिनमध्ये सलगमाला रापा म्हणतात."

मी पहिलं पान तिच्या हातात दिलं, दोरीवरून काढून.
तिनं आधी वास घेतला.
मग कागद उलटा करून
अक्षरांचे उंचवटे बोटांनी चाचपले,
गोवर आलेल्या पोराची पाठ चाचपावी तसे.
"हा नव्हे," म्हणाली. "हा कुणी इटलीचा दिसतो."

जरा थांबून:
"आत कुठं माझं नाव घेतलंय का?"

अर्पणपत्रिका एका ड्यूकला होती, अकरा ओळींची.
बाकी सहाशे पानांतलं अक्षर न् अक्षर
माझ्या तोंडून गेलं होतं,
आणि मला ठाऊक नव्हतं.
"घेतलंय," मी म्हटलं.
हाताला येईल ते पान उघडलं
आणि आमच्या बोलीत वाचलं, डोळे कागदावर ठेवून:
माझी आई सलगम राखेत पुरून ठेवायची,
आणि राखेतही त्याला कोंब फुटायचा. कृपा तशी.

बाई किती तरी वेळ गप्प.
मग म्हणाली, "राखेत नाही गं, वाळूत.
पण तो लहानपणापासून असंच चुकीचं सांगतो."
डोळे पुसले, टोपली आमच्या ओट्यावर रिकामी केली
आणि पूल ओलांडून गेली.
तीन दिवस आम्ही सलगम खाल्ले.

शेवटचा फर्मा तेवढा राहिला होता,
चुका आणि दुरुस्त्यांचा.
रात्री मेणबत्ती घेऊन मी खाली उतरले.
शब्द वरच्या ओळींतून उचलले,
एकेक खिळा उलटा, आरशातल्यासारखा,
आणि तळाशी एक ओळ जोडली:
पान पहिलं, रापारिउस नव्हे, रूबसाम वाचा.

मास्तरांना दिसलं तेव्हा दुपार झाली होती.
दोन्ही कान लाल झाले माझे.
मग टाक दिला हातात:
खोड, प्रत्येक प्रतीतलं, एकटीनं.
खोडता खोडता मी विचारलं,
हा शब्द प्रत्येक ओळीत येतो, याचा अर्थ काय?
लेगे.
बराच वेळ ते बोलले नाहीत.
"वाच," म्हणाले. "लेगे म्हणजे वाच."
अर्थासकट मिळालेला तो माझा पहिला शब्द,
आणि मी त्याच्यावरून शाई ओढत होते.

अकरा प्रती मात्र सकाळीच
पिंपात भरून
फ्रँकफुर्टच्या जत्रेला निघाल्या होत्या.