तीन टक्के

रविवार कारंजाच्या मागे, दुपारी अडीचला,
काचेच्या पाटावर मी मलम घोटतो.
डॉक्टर कापडणीसबाईंची चिठ्ठी :
सॅलिसिलिक तीन टक्के, युरिया दहा,
बाकी पांढरं व्हॅसलिन.
खाली, वेगळ्या शाईत : वास नको.

हे सुलभा गांगुर्डेचं.
पिंपळगावच्या पॅकहाउसात
द्राक्षांचे घड कात्रीने निवडते.
तळव्यांना भेगा,
अंगठा इतका झिजलेला
की रेशनचं मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हेच.
तयार ट्यूबा दोन झाल्या.
एकीने आग आग,
दुसरीचा वास घडाला लागला,
मुकादमाने अख्खी पेटी बाजूला काढली.

पातं आडवं धरून ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो,
काचेवरची करकर थांबेपर्यंत.
डबीवर लिहितो : फक्त बाहेरून लावण्यासाठी.
पूर्ण नाव. तारीख.
सहा आठवडे टिकेल.

मागच्या खेपेला सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाली,
"भेगा बुजू द्या भाऊ,
पण उरलेल्या रेषा तेवढ्या राहू द्या.
गहू आणायचाय."

तेव्हापासून सॅलिसिलिक तोलताना
काटा स्थिरावेस्तोवर
मी श्वास सोडत नाही.